पोरगी म्हणते "भाग घेतेय". यातून मिळतंय काय?

मलप्रभाकाठ | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नंदगडच्या पुढचा. गावात पिठाची गिरण आहे, थोडी भातशेती. मोठी मुलगी यंदा बेळगावला बी.एस्सी.ला आहे, दुसरं सेमिस्टर. घरातून कॉलेजला जाणारी पहिलीच. पहाटे साडेसहाची बस, खानापूरला बदलून बेळगाव, संध्याकाळी प्रॅक्टिकल आटोपून सात-साडेसातला घरी. असं चाललं होतं, बरं चाललं होतं.

गेल्या महिन्यापासून नवीन सुरू झालंय. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) नाव घातलंय. सात दिवसांचं शिबिर आहे, बैलहोंगल तालुक्यातल्या एका खेड्यात, मुक्कामी. शिवाय युवा महोत्सवासाठी नाटकाची टीम निवडतायत, त्यातही हिला घ्यायचं म्हणतायत. तालीम चारनंतर. म्हणजे शेवटची बस चुकणार. बायको म्हणते शिकायला पाठवलंय की नाचायला. मी मध्ये अडकलोय.

मला वाद घालायचा नाही, खरंच विचारायचंय. मी दहावीनंतर गिरणीतच आलो, त्यामुळे कॉलेजात वर्गाबाहेर काय असतं ते मला ठाऊक नाही. पोरीला विचारलं तर म्हणते, "पप्पा, सगळे भाग घेतात, सर्टिफिकेट मिळतंय." सर्टिफिकेटाचं मी काय करू? गिरणीत लावू? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, यातून मिळतंय काय. आणि जातंय काय, तेही सांगा.

कुंदाप्रेमी | रविवार, रात्री ९:५२

पाठवा हो. एवढं काय. (गिरणीत लावायलाही हरकत नाही. पिठानं पांढरं झालं की कुणाचं आहे ते कोण विचारतंय.)

खडूचीधूळ | रविवार, रात्री ११:१५

मलप्रभाकाठ, प्रश्न छान विचारलात. मी तीस वर्षं शिकवलं, त्यातली काही वर्षं एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी होतो. तेव्हा शिबिराचं मी सांगतो, नाटकाचं दुसरं कुणी सांगेल.

एनएसएस सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत आणि ४० हजार मुलांना घेऊन. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर, असा हिशेब. एका युनिटला साधारण शंभर मुलं, शिबिराला त्यातली निम्मी. ही झाली कागदावरची गोष्ट. बिल्ल्यावर कोणार्कचं चाक असतं, तेही मुलं मिरवतात.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. गावातल्या शाळेत मुक्काम. पहिल्या दिवशी शाळेच्या किल्ल्या कुणाकडे आहेत हेच कळत नाही. मुख्याध्यापक म्हणतात शिपायाकडे, शिपाई लग्नाला गेलेला. पन्नास मुलं बॅगा घेऊन व्हरांड्यात बसलेली. तेव्हा कुणीतरी उठून शिपायाच्या घरी जायचं असतं, आणि कोण उठतं हे मी दरवर्षी बघायचो. वर्गात पहिला येणारा क्वचितच उठतो. मागच्या बाकावरचा, ज्याचं नाव मला परीक्षेच्या यादीतच दिसायचं, तो उठतो, सायकल मागून आणतो, किल्ली घेऊन येतो. त्या दिवसापासून त्या पोराचं कॉलेज बदलतं. प्राध्यापक त्याला नावानं हाक मारतात. त्याला कळतं, आपल्याला काहीतरी येतंय.

मग पंचायतीत पीडीओसाहेबांकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) पाण्याचा टँकर मागायला जायचं. अर्ज लिहायचा, तोही कन्नडमध्ये. घरोघर शौचालयाची पाहणी करायची असते. अठरा वर्षांच्या पोरीनं अनोळखी दार वाजवायचं आणि आतल्या आजीला हा प्रश्न विचारायचा, हे सोपं नाही. पहिल्या तीन घरांत पोरी एकमेकींना ढकलतात. चौथ्या घरात कुणी चहा देतं. संध्याकाळी त्याच पोरी गावच्या राजकारणावर बोलत असतात.

शिबिरात मी एक काम नेहमी पहिल्या वर्षाच्या मुलाला द्यायचो: हिशेबाची वही. भाजी, तांदूळ, रॉकेल (तेव्हा रॉकेल होतं), आचाऱ्याची मजुरी. रोज रात्री जमा-खर्च जुळवायचा. चार-पाच वर्षांनी बँकेत, सोसायटीत, कारखान्यात ही मुलं भेटायची तेव्हा शिबिरातली गाणी वगैरे विसरलेली असायची, पण "सर, तेव्हा एकवीस रुपये कमी आले होते" हे बरोबर आठवायचं.

तुम्ही मुलीला शिबिराला पाठवा. आधी कार्यक्रम अधिकाऱ्यांचा नंबर घ्या, सोबत बाई प्राध्यापिका आहे का ते विचारा, मुलींची झोपायची खोली कुठली ते विचारा. विचारण्यात लाज नाही. आम्ही असे पालक आले की बरं वाटून घ्यायचो.

रिकामटेकडा इंजिनिअर | सोमवार, सकाळी ८:०५

सरांचा मान राखून थोडं उलटं बोलतो.

मी व्हीटीयूच्या (बेळगावच्या तांत्रिक विद्यापीठाच्या) एका कॉलेजचा. कॉलेजचं नाव घेत नाही. आमच्याकडे २०१८ पासून प्रवेश घेतलेल्यांना पदवीसाठी १०० अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंट लागतात, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना ७५. समाजोपयोगी काम करा, पॉइंट मिळवा. कल्पना चांगली. पण एकदा "लागतात" म्हटलं की आपली पोरं काय करतात माहीत आहे ना? शेवटच्या सेमिस्टरला एकाच झाडाभोवती चाळीस जणांनी फोटो काढले. झाड तेच, बादली तीच, टी-शर्ट बदलले. ते झाड अजून आहे का, देव जाणे.

दुसरं. मी कॉलेज फेस्टच्या कमिटीत होतो. प्रायोजक आणायचं काम. दोन महिने बेळगावभर फिरलो: कॉलेज रोड, खडेबाजार, उद्यमबागेतले कारखाने. बॅनर छापले, जनरेटर ठरवला. फेस्ट झकास झाला. निकाल लागला तेव्हा दोन विषय बॅक. एकात अंतर्गत गुणच कमी, कारण लॅबला मी नव्हतोच. स्टेजवर माझा सत्कार करणाऱ्या सरांनीच हजेरीचा कागद पुढे केला. त्यांचं चुकलं असंही नाही म्हणवत.

तेव्हा काका, जातंय काय हेही विचारलंत म्हणून सांगतो: वेळ जातो, आणि तो परत मिळत नाही. पोरीची हजेरी आणि लॅब सांभाळून जे बसतं तेवढंच करू द्या.

तंबाखूवाला निपाणकर | सोमवार, सकाळी ९:३०

झाड तेच बादली तीच हे वाचून चहा सांडला.

अर्धीकन्नडी | सोमवार, दुपारी १:२०

नाटकाचं मी सांगते. मी यळ्ळूरची, आता बेंगळुरूला नोकरी करते. पूर्ण मराठी शाळेतून आलेली. कन्नड एक विषय म्हणून होतं, पेपर लिहून पास झाले, पण तोंडातून एक वाक्य निघायचं नाही. बसमध्ये कंडक्टरनं काही विचारलं तरी मी पैसे पुढे करून गप्प.

कॉलेजला दुसऱ्या वर्षी प्रहसनात घेतलं. कन्नड प्रहसन! मला म्हाताऱ्या शेजारणीची भूमिका, चार वाक्यं. पहिलंच वाक्य "दार उघड". मी पुस्तकातलं पाठ करून आले, "बागिलु तेगेयिरी". अख्खी तालीम हसून लोळली. धारवाडकडची खेडवळ म्हातारी आणि भाषा दूरदर्शनच्या बातम्यांची! सौंदत्तीची एक मुलगी होती टीममध्ये, तिनं मला बाजूला नेऊन शिकवलं: "बागला तगी!" असं, जरा खेकसून. आठ दिवस मी खोलीत, जिन्यात, बाथरूममध्ये "बागला तगी" ओरडत होते. शेजारच्या बायका खरंच दार उघडून बघायच्या.

आणि हे एकतर्फी नव्हतं. तिला मराठी शिकायचं होतं. तिचा "चांगला" हा "च्यांगला" यायचा, कारण आपला तो दंत्य च तिच्या भाषेत नाहीच. "ती खुर्ची आलं" म्हणायची, कारण त्यांच्याकडे खुर्चीला बाई-बुवा काही नसतं, निर्जीव म्हणजे सगळं एका माळेत. मी पहिल्यांदा विचार केला की आपल्याकडे खुर्ची बाई का आणि टेबल एकदा बुवा, एकदा नपुंसक का. उत्तर अजून सापडलेलं नाही.

बेंगळुरूला पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला त्या बाईंनी सहज कन्नडमध्ये विचारलं, बेळगावहून कशी आलात, आणि मी त्याच खेडवळ कन्नडमध्ये उत्तर दिलं. त्या हुबळीच्या निघाल्या. पुढची दहा मिनिटं आम्ही गिरमिट आणि मिरची भजीवर बोललो. नोकरी त्यामुळे मिळाली असं मी म्हणणार नाही. पण हात थरथरायचे थांबले ते तिथं.

काका, चार वर्षं कन्नडचे पेपर लिहून मला जे आलं नाही ते चार वाक्यांच्या भूमिकेनं आलं. आणि इंजिनिअरदादा, तुमचं खरं आहे, माझेही त्या वर्षी गुण कमी झाले. थोडेच, पण झाले.

तंबाखूवाला निपाणकर | सोमवार, दुपारी ४:१०

आमच्याकडची गंमत सांगतो. निपाणीच्या अगदी शेजारी अर्जुननगर. तिथलं देवचंद कॉलेज कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं. आणि निपाणी गावातलं बागेवाडी कॉलेज आधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला, २०१० नंतर राणी चन्नम्मा विद्यापीठाला. आमच्या एकाच गल्लीतून दोन पोरं निघतात. एक चालत महाराष्ट्रात जातो, दुसरा कर्नाटकात राहतो. युवा महोत्सवात पुढे गेले तर दोघांचे विभागही वेगळे. तालीम मात्र दोघं एकाच गच्चीवर करायचे. माझा भाऊ आणि मी.

भाऊ पुढे कोल्हापूरला विद्यापीठात एम.ए.ला गेला, तिथल्या कमवा व शिका योजनेत राहिला. सकाळी काम, मग वर्ग. घरून पैसे नव्हते, तंबाखूचे दर पडलेले. तो म्हणतो, तिथं त्याला सगळ्यात जास्त मिळालं ते जेवणाच्या पंगतीत. गडहिंग्लजचा, जतचा, कणकवलीचा असे सगळे एका रांगेत, आणि कुणाच्याच खिशात काही नाही. आज त्यातले दोघे प्राध्यापक, एकजण तहसील कार्यालयात, एकजण गावी दूध डेअरी चालवतो. भावाला कर्नाटकातला दाखला महाराष्ट्रात चालवायचा होता तेव्हा नेमका तो तहसीलवाला कामाला आला. वशिला नाही लावला, कुठला फॉर्म कुठल्या टेबलावर द्यायचा एवढंच सांगितलं. पण सीमाभागातल्या माणसाला हीच माहिती मिळत नसते.

जुना कॅडेट | सोमवार, रात्री ८:४५

एनसीसीचा विषय कुणी काढला नाही म्हणून. बेळगावात राहून एनसीसी न करणं म्हणजे नदीकाठी राहून पोहायला न शिकणं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं, सांबऱ्याला हवाई दल. पहाटे परेडला जाताना रस्त्यावर जवान धावताना दिसायचे, आम्ही त्यांच्या मागे मागे.

माहितीसाठी: दोन वर्षांनी बी सर्टिफिकेट, तिसऱ्या वर्षी सी. सी असेल, किमान बी श्रेणी असेल आणि पदवीला ५० टक्के असतील तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी एनसीसी विशेष प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी (सैन्याच्या निवड मंडळाच्या) मुलाखतीला बोलावणं येऊ शकतं. मुलींनाही. मी एसएसबीला गेलो आणि पडलो. पाच दिवसांत परत. पण तिथं जे विचारतात (तुझ्या गटात कुणी ऐकत नव्हतं तेव्हा तू काय केलंस) त्याचं उत्तर वर्गात बसून कुठून येणार?

आणखी एक. आमच्या वेळी कॉलेजात निवडणुका व्हायच्या. नव्वदच्या सुमाराला कर्नाटकात त्या बंद झाल्या, त्यानंतर प्रतिनिधी गुणांवर नेमतात. ज्याला गुण जास्त तो प्रतिनिधी! म्हणजे आधीच पुस्तकात बुडालेल्याच्याच गळ्यात घंटा.

कुंदाप्रेमी | सोमवार, रात्री ९:०२

निवडणुका बंद झाल्या तेच बरं. मारामाऱ्या विसरलात काय?

जुना कॅडेट | सोमवार, रात्री ९:२०

विसरलो नाही, एक टाका अजून कपाळावर आहे. पण लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशी वाचा: उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५००० रुपये, ७५ टक्के हजेरी हवी, वयाची अट, बाहेरच्या पक्षांना मज्जाव. नियमात घ्या की. मतं मागायला दारोदार जाणं हेही एक शिक्षण आहे. पडणं तर त्याहून मोठं, मी सांगतो ना.

रिकामटेकडा इंजिनिअर | सोमवार, रात्री ९:३१

आता कुणीतरी सीमाप्रश्न काढेल. त्याला वेगळा धागा आहे, तिकडे जा.

मलप्रभाकाठ | मंगळवार, पहाटे ५:३०

सगळ्यांचे आभार. गिरण सुरू करायच्या आधी वाचतोय.

इंजिनिअरदादांचं मनाला लागलं. पैशाचं मी समजत होतो, पण पैशाचं तसं नाहीच. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत पोरींना सरकारी बसला तिकीट नाही, तेव्हा प्रवासाचा खर्च शून्य. खर्च आहे तो तासांचा. जायला दीड-दोन तास, यायला दीड-दोन तास. शहरातली पोरगी तालीम संपवून वीस मिनिटांत घरी, अभ्यासाला बसते. आमची आठला घरी, जेवली की डोळे मिटतायत. दोघींनी सारखाच भाग घेतला असं कसं म्हणायचं?

शेवटचीबस | मंगळवार, सकाळी ७:५०

काका, मीच ती. म्हणजे तुमची मुलगी नव्हे, तिच्यासारखीच. हुक्केरी तालुक्यातून येऊन-जाऊन करते, शेवटचं वर्ष. हे बसमध्ये लिहितेय, चुका माफ.

तुम्ही बोललात ते कुणी बोलत नाही. आमच्या कॉलेजात (नाव नको) कार्यक्रम असला की सूत्रसंचालन कोण करणार? शहरात टिळकवाडीत राहणारी. स्वागतगीत कोण म्हणणार? कॅम्पातली, कारण त्या संध्याकाळी थांबू शकतात. खुर्च्या कोण लावणार? आम्ही, कारण आम्ही सकाळी साडेआठलाच पोचलेलो असतो, बस दुसरी नसतेच! तीन वर्षांत मी किती खुर्च्या लावल्या मोजल्या नाहीत. सर्टिफिकेटवर त्यांचंही "सहभाग", माझंही "सहभाग".

पहिलं वर्ष मी रडून काढलं. दुसऱ्या वर्षी आम्ही येऊन-जाऊन करणाऱ्या सहाजणी गेलो सरांकडे आणि म्हटलं, तालीम चारला का, जेवणाच्या सुट्टीत का नाही? सर म्हणाले, कुणी मागितलंच नाही आजवर. झालं! एक ते दोन तालीम. डबा खात खात संवाद. आम्ही मूकनाट्य केलं, म्हणजे बेस्ट, भाषेचा प्रश्नच नाही, कन्नड-मराठी-उर्दू सगळ्या एकत्र. जिंकलो नाही. पण सरांच्या केबिनचं दार वाजवलं ते माझ्या आयुष्यातलं पहिलं दार होतं. आता बँकेचं असो, आरटीओचं असो, मी वाजवते.

तुमच्या मुलीला सांगा, मागून बघ. नाही म्हटलं तर खुर्च्या आहेतच.

स्टॉप आला, उतरते.

अर्धीकन्नडी | मंगळवार, सकाळी ८:१५

शेवटचीबस, तुला एक मिठी. मी यळ्ळूरहून यायचे, मला वाटायचं आपणच लांबून येतो.

खडूचीधूळ | मंगळवार, दुपारी ३:००

या मुलीनं मला खाली मान घालायला लावली. मी ज्या शिबिरांचं एवढं कौतुक केलं तिथं कोण येऊ शकत नव्हतं, हे मी कधी मोजलं नाही.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ असतो म्हणून दोन गोष्टी. अमेरिकेत अलेक्झांडर अ‍ॅस्टिन नावाच्या शिक्षणतज्ज्ञानं १९८४ साली मांडलं की विद्यार्थी कॉलेजात शरीरानं आणि मनानं किती शक्ती ओततो त्यावर त्याला काय मिळेल ते ठरतं. आणि विद्यार्थ्याचा वेळ हेच कॉलेजजवळचं सगळ्यात मौल्यवान भांडवल. घरून येऊन-जाऊन करणाऱ्यांपेक्षा वसतिगृहात राहणारी मुलं शिक्षण अर्धवट सोडण्याची शक्यता कमी, असंही त्यानं दाखवलं. त्याच्या आधी १९७५ मध्ये व्हिन्सेंट टिंटोनं हेच वेगळ्या बाजूनं सांगितलं होतं: मुलगा अभ्यासात आणि माणसांत, दोन्हीकडे रुजला नाही तर तो गळतो. नुसता अभ्यासात बरा असून भागत नाही.

आणि इंजिनिअर, तुमच्या बाजूचंही अ‍ॅस्टिनमध्ये आहे. एकाच गोष्टीत पूर्ण बुडालेली मुलं, मग ती पुस्तकात असोत की खेळाच्या मैदानात, इतरांपासून तुटतात असं तो म्हणतो. तुम्ही फेस्टमध्ये बुडालात.

पण तिकडची मुलं गावाकडून एसटीनं येत नाहीत. आपल्याकडे कॉलेजांचं वेळापत्रक शहरातल्या मुलाला समोर ठेवून बनतं, आणि वर्गात निम्मी मुलं खानापूर, हुक्केरी, कडोली, उचगावची. नव्या शैक्षणिक धोरणात २०२१-२२ पासून पदवीला एनएसएस, एनसीसी, योग, खेळ यांना वेगळे श्रेयांक (क्रेडिट) आले होते. २०२४-२५ ला राज्यानं पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. श्रेयांक येतात-जातात. एक ते दोनची तालीम मात्र कुठल्याच धोरणात नव्हती, ती या सहा मुलींनी आणली.

कुंदाप्रेमी | मंगळवार, दुपारी ३:४०

सर भावुक झाले. एक पुरवणी: बेळगावच्या आरपीडी (राणी पार्वती देवी) कॉलेजात पु. ल. देशपांडे काही काळ शिकवायला होते. ज्यांनी तेव्हा फक्त तास अटेंड केले आणि कट्ट्यावर थांबले नाहीत त्यांचं केवढं नुकसान झालं असेल, याचा विचार करा.

रिकामटेकडा इंजिनिअर | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

मान्य, सर. बुडालो.

आणि पूर्ण खरं सांगायचं तर आज माझा जो छोटा धंदा आहे (जाहिरातीचे फलक, छपाई) त्यातले पहिले सहा गिऱ्हाईक त्या फेस्टचे प्रायोजकच. उद्यमबागेतल्या ज्या शेठनं मला तीन वेळा हाकलून चौथ्यांदा दोन हजार दिले होते तो आजही माझ्याकडूनच कॅलेंडर छापून घेतो. हे काल लिहिलं नाही, कारण बॅक विषयांचा राग अजून गेलेला नाही.

मलप्रभाकाठ | मंगळवार, रात्री १०:००

बायकोला शेवटचीबस यांचं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं विचारलं, "शिबिराला पांघरूण किती द्यायचं?"

नाटकाचं अजून ठरायचंय. पोरगीला सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत तालीम होईल का विचार. म्हणाली, "मी कशी विचारू?" मी म्हटलं, मला तरी कुठं येत होतं, मी पण अनोळखी लोकांनाच विचारलं.

अर्धीकन्नडी | मंगळवार, रात्री १०:२०

काका, टिळकवाडीत माझी मावशी राहते. तालीम चारलाच ठेवली तर महोत्सवाच्या आठवड्यात मुलगी तिच्याकडे राहू शकते. वहिनींना मावशीशी आधी बोलू द्या, व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवते.

मलप्रभाकाठ | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१५

शिबिराहून आली. खबर द्यायला पाहिजे म्हणून लिहितोय.

आवाज बसलाय, पायाला फोड, कन्नड शिव्या दोन शिकून आलीय (एक मला माहीत नव्हती). पाहणी ४३ घरांची केली म्हणते. एका घरात आजीनं खिशात शेंगदाणे भरले. सर, तुमचा हा धागा तिनं वाचला होता, त्यामुळे पहिल्याच दिवशी उठून म्हणाली, हिशेबाची वही माझ्याकडे द्या. मिळाली.

चौथ्या रात्री मला फोन. साडेअकरा. मी घाबरलो, काय झालं. म्हणते, "पप्पा, अडतीस रुपये जुळत नाहीत. तू गिरणीचं कसं जुळवतोस?" इतक्या वर्षांत तिनं मला गिरणीतलं काही विचारलं नव्हतं. मी अंथरुणात उठून बसलो, म्हटलं एक एक पावती वाच. पाऊण तास वाचली. पावत्या सगळ्या बरोबर.

खडूचीधूळ | रविवार, रात्री ९:३०

कोथिंबीर बघा. कोथिंबीर, लिंबू, मिरच्या. बाजारात त्याची पावती कुणी देत नाही.

मलप्रभाकाठ | रविवार, रात्री ९:४१

कोथिंबीरच होती.